आमची वाटचाल : मुंगी, सूर्य आणि चोवीस प्रिंट

2009 ला पुण्यात भाड्याच्या शेडमधे एचिंग छापायला (धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडनं रेघ खोदायची, तिच्यात शाई भरून प्रेसखाली कागदावर दाबायची) सुरुवात केली, दोन पार्टनर आणि एक प्रेस. प्रेस कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी नुसता फोटो बघून बनवून दिली, वरचा रोलर दोनदा परत टर्न करायला लागला, पण आजतागायत डाव्या-उजव्या प्रेशरमधे केसाचाही फरक नाही, इंपोर्टेड प्रेसवाल्यांनी येऊन बघावं. पार्टनर दीड वर्षात फ्लेक्सच्या धंद्यात गेला, त्याचं छान चाललंय. मधली वर्षं नीट गेली.

सांगायचंय ते मुंगीचं.

एक चित्रकार आले (नाव नको, त्यांना आवडणार नाही), म्हणाले मुक्ताबाईंचा अभंग करायचाय, मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी. हे ऐकलं की प्रत्येक जण तेच बोलतो, पॅरिसमधे कवी ब्रतोंनं सर्रिअलिझमचा (स्वप्नातल्यासारखं अशक्य ते मांडणाऱ्या चळवळीचा) जाहीरनामा काढला 1924 ला आणि आमची मुक्ताई तेराव्या शतकातच वगैरे, मीही बोललो. ते हसले नाहीत. म्हणाले, तिनं ते घडलेलं सांगावं तसं सांगितलंय, म्हणून रेघ ठाम पाहिजे, धुरकट चालणार नाही. मुंगी अख्ख्या प्लेटभर, खाली कौलारू घरं, आणि तिच्या पोटात सूर्य, पण काळा, सगळ्या प्लेटमधे सर्वात काळा.

आता 12 बाय 16 च्या झिंकवर, म्हणजे जस्ताच्या प्लेटवर, असा काळा आणणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळेल. राळ कुटून फडक्यातून प्लेटवर धूळ पाडायची, खालून गरम करून चिकटवायची, मग नायट्रिक (दाण्यांमधली जागा अ‍ॅसिड खातं, तिथं शाई धरते), आणि बुडबुडे कोंबडीच्या पिसानं सारत उभं राहायचं (पीसच घ्या, ब्रश नको). पाच बाइट दिले, म्हणजे पाचदा अ‍ॅसिडमधे बुडवली. सहावा दिला असता तर दाण्यांखालचा जस्तही खाल्ला गेला असता आणि काळ्याचा करडा झाला असता. दिवसाला तीन प्रिंट, वायपिंगलाच (प्लेटवरची जास्तीची शाई पुसायला) चाळीस मिनिटं, शेवटचा हात तळव्यानं, मलमलीनं नाही.

एडिशन, म्हणजे या प्लेटचे एकूण प्रिंट, 30 ची जाहीर केली होती. विसाव्यानंतर मला शंका यायला लागली, पंचविसावा ओढला तर पोट फिकं. चित्रकारांनी तो जागेवर फाडला आणि सगळ्यांवर 24 चा आकडा टाकून सह्या केल्या. सहा जणांचे अ‍ॅडव्हान्स परत केले, प्लेटवर सुईनं आडवी-उभी फुली मारली, म्हणजे परत तिच्यावरून कुणी प्रिंट काढायला नको, विषय संपला.

म्हणजे आम्हाला वाटलं संपला. वर्षभरात शहरातल्याच एका फर्मनं कुणाकडून तरी आमचा प्रिंट मिळवून स्कॅन केला, जाड टेक्श्चर पेपरवर इंकजेट मारला, वरून कोरी प्लेट दाबून कडेचा ठसासुद्धा आणला, आणि विकायला काढला. "ओरिजिनल एचिंग, लिमिटेड एडिशन 500." किंमत 1,800. आमची 14,000. पैशाचं सोडा हो, लोक फोन करून आम्हालाच विचारायला लागले, तुम्ही तर चोवीसच म्हणाला होतात. चोर ते आणि खुलासे द्यायचे आम्ही! वकील म्हणाले लढू, पण तारखांना पैसे कुठून आणणार, आठ महिन्यांचं भाडं थकलेलं, त्यात दुसऱ्या चित्रकारांच्या चालू दोन ऑर्डरी रद्द. भंगारवाला येऊन प्रेसभोवती फिरून गेला, किलोचा भाव सांगून.

तेव्हा साताऱ्याहून सर आले. निवृत्त मराठीचे शिक्षक, 7/24, म्हणजे चोवीसातला सातवा प्रिंट त्यांचा, महिना हजाराच्या हप्त्यानं घेतलेला, एकही हप्ता चुकला नाही. पिशवीतून तो 1,800 वाला प्रिंट काढला. मी म्हटलं सर तुम्हीपण? म्हणाले, अहो पुरावा विकत घेतलाय. ऑर्डर रद्द केलेल्या दोघांना शेडवर बोलावलं, दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले, घड्याळजीकडून आणलेली लूप (डोळ्याला लावायचं भिंग) हातात दिली. त्या फर्मच्या प्रिंटमधे नुसते रंगीत ठिपके, आमच्यात रेघ. मग म्हणाले आता डोळे मिटा आणि नख हळूच फिरवा. आमची इंक कागदावर उभी राहते, त्यांची सपाट. दोघांपैकी एक ऑर्डर परत आली. एकच, पण भाडं निघालं, आणि सरांनी नंतर कुठून कुठून माणसं पाठवली ते त्यांनाच माहीत.

तुम्हीही घेताना तिरप्या उजेडात धरून बघा. आणि घेतल्यावर फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका, काच कागदाला टेकवू नका, खिडकीसमोर लावू नका, चौदा हजार घालून लोक गॅलरीत उन्हात टांगतात, मी बघितलंय.

ती फर्म अजून आहे, आता कॅनव्हासवर गणपती करतात.

आम्ही विंचवाची प्लेट घेतलीय, त्याच अभंगातली, विंचू पाताळासी जाय. ग्राउंड (अ‍ॅसिड अडवणारा थर) लावून रेघा झाल्यात, पण या हवेत राळेच्या गुठळ्या होतायत, पाऊस उघडला की बाइट. सरांनी सात नंबर सांगून ठेवलाय, पहिला हप्ता आलासुद्धा.