आधी दातोंग, मग लोयांग, उलटं नको (चीनमधली लेणी)

चीनची लेणी बघायला जाणार असाल तर आधी दातोंगजवळचं युनगांग आणि मग लोयांगचं लोंगमेन असा प्लॅन करा. 494 च्या सुमारास उत्तर वेई राजांनी राजधानीच दातोंगहून लोयांगला हलवली, त्यामुळे याच क्रमाने गेलं की भारतातून गेलेला बुद्ध चिनी कसा होत गेला ते सरळ दिसतं.

बीजिंग ते दातोंग हायस्पीड ट्रेनने साधारण दोन तास, पुढे 16 किमी टॅक्सी, पासपोर्ट जवळ ठेवा. गर्दी सगळी 20 नंबरच्या लेण्यातल्या बुद्धापाशी असते, 13.7 मीटर उंच, पुढची भिंत पडल्यामुळे उघड्यावर बसलाय, रुंद खांदे, अंगाला चिकटलेलं वस्त्र, अगदी गांधार-मथुरेकडचा वाटतो. 16 ते 20 ही सगळ्यात जुनी, 460 च्या सुमारास तानयाओ या भिक्षूच्या देखरेखीखाली सुरू झालेली. पण मी म्हणेन 8 नंबरच्या दारातच थांबा, तिथे बाजूच्या भिंतीवर चक्क नंदीवर बसलेला आठ हातांचा महादेव आहे आणि समोर पक्ष्यावर बसलेला कुमार, म्हणजे कार्तिकेय! वेरूळ बघितलेल्या माणसाचे पाय तिथून निघतच नाहीत. मग 6 नंबरमध्ये जा, बुद्धाच्या अंगावर एकदम चिनी दरबारी झगा, रुंद बाह्या, छातीवरून लोंबणारी नाडी. हे राजे मूळचे हान (म्हणजे चिनी) नव्हतेच, तरी राजाने आपल्याच लोकांना हान पोशाख सक्तीचा केला, मग बुद्ध तरी कसा सुटणार.

लोंगमेनला वालुकाश्म संपतो आणि चुनखडी लागते, काम खूप बारीक आहे. फेंगशियान लेण्यातला 17 मीटरचा वैरोचन बुद्ध 675 मध्ये पूर्ण झाला, त्यासाठी सम्राज्ञी वूने शृंगाराच्या पैशातून दान दिलं होतं. गोबरे गाल, शांत डोळे, इथे भारत शोधावा लागतो. मूर्ती पूर्वेकडे बघते म्हणून सकाळीच जा, नंतर पूल ओलांडून समोरच्या डोंगरावरून परत बघा. पायऱ्या भरपूर आहेत, गुडघेवाल्यांनी जपून. बिनयांग लेण्यात राजा-राणीच्या मिरवणुकीची शिल्पं होती तिथे आता फोडलेली भिंत दिसते, 1930 च्या दशकात तोडून विकली, ती आज अमेरिकेतल्या म्युझियममध्ये आहेत. संताप येतो.

अर्धा दिवस उरला तर लोयांगचंच श्वेताश्व हे बौद्ध मंदिर करा, आवारात सांचीच्या धर्तीवर भारताने बांधलेलं मंदिर आहे, 2010 मध्ये उद्घाटन आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटलांनी केलं, तेव्हा त्या राष्ट्रपती होत्या. अलीपे (मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी ॲप) घरूनच सेट करून निघा. आणि एप्रिलमध्ये लोयांगला पिओनी फुलांचा उत्सव असतो, फुलांत इंटरेस्ट नसेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, फक्त 1 ऑक्टोबरपासूनचा सुट्ट्यांचा आठवडा सोडून.