शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी

आज परभणीला दवाखान्यात मामांना भेटून आलो. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, तोंडाला कोरड पडते, एवढ्यावरून त्यांनी आपल्याला शुगर झाल्याचे स्वतःच ठरवले आणि शेजारी घेत असलेली मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी रोज सकाळी सुरू केली. काल एकादशीला पोटात पाण्याशिवाय काही नव्हते, तरी गोळी चुकवली नाही. दुपारी शेतात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, समोर उभ्या असलेल्या मुलाचे नाव आठवेना. दवाखान्यात पोहोचेपर्यंत साखर ४८ वर आली होती; ७० च्या खालीच धोका सुरू होतो.

ही गोळी स्वादुपिंडाला साखर उतरवणारे इन्सुलिन सोडायला लावते, मग माणूस जेवलेला असो वा उपाशी. मूत्रपिंड कमजोर असेल तर तिचा परिणाम अधिक काळ टिकतो, म्हणून मामांना ग्लुकोजचे सलाईन देऊनही रात्रभर देखरेखीखाली ठेवले.

मधुमेहाचे निदान रक्त तपासूनच होते: उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.५ टक्के किंवा अधिक. स्पष्ट लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करावी लागते. मामांचे एचबीए१सी ५.४ आले आणि लघवीचा त्रास प्रोस्टेट ग्रंथीचा निघाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही साखरेची प्राथमिक तपासणी मोफत होते, हे गावात कितीजणांना कोणी नीट सांगितले आहे? त्याच शेजाऱ्याकडून गल्लीतले आणखी काहीजण गोळ्या नेतात, असे मामी म्हणाल्या. उद्या त्या सर्वांना भेटणार आहे.