पायाखाली जमीन नसलेला देव

शुक्रवार, रात्री उशिरा

ऑफिसातून परस्पर आईला घेऊन लंडनच्या ट्रफाल्गर चौकातली नॅशनल गॅलरी गाठली. शुक्रवारी ती रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि तिकीट नसतं. आईच्या लेखी यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळी दालनं पालथी घालायचा तिचा बेत मी मोडून काढला आणि तिला थेट इटालियन चित्रकार तिशियनच्या 'बॅकस आणि अरिआड्नी'समोर नेऊन उभं केलं. गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. काय दिसतंय ते सांग, म्हटलं.

तिने पिशवी खांद्यावर सरकवली, चष्मा लावला आणि जरा वेळ पाहिलं. "वरात दिसतीय," ती म्हणाली. "आणि नवरी पळून चाललीय."

मग मी गोष्ट सांगितली. क्रीटच्या राजाची मुलगी अरिआड्नी. परक्या देशातून आलेल्या थीसियसवर तिचा जीव जडला. चक्रव्यूहासारख्या भुलभुलैयात शिरून त्याने तिथल्या बैलतोंड्या राक्षसाला मारलं आणि तिने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने तो बाहेर आला. पुढे तिला बरोबर घेऊन निघाला खरा, पण वाटेत नॅक्सॉस बेटावर ती झोपलेली असताना तिला तिथेच टाकून जहाज हाकारलं. ती जागी झाली तेव्हा किनारा रिकामा. आणि त्याच किनाऱ्यावर मद्याचा देव बॅकस आपला लवाजमा घेऊन येऊन थडकला.

"तो पळपुटा कुठाय?" आईचा पहिला प्रश्न. मी डावीकडे बोट दाखवलं. अरिआड्नीच्या खांद्यापलीकडे, पार क्षितिजाला टेकलेलं एक चिमुकलं शीड. आई कापडाच्या इतकी जवळ गेली की रखवालदार खुर्चीतून उठायच्या बेतात होता. "एवढासा?" ती म्हणाली. "बरं झालं, एवढासाच काढला."

डावीकडचा तो कोपरा मला या चित्रातला सगळ्यात अवघड भाग वाटतो. अरिआड्नी आपल्याकडे जवळजवळ पाठ करून उभी आहे. अंगावर निळं वस्त्र, त्यावरून गेलेला लालभडक शेला. एक हात समुद्राकडे लांबवलेला, म्हणजे जहाजाकडे. पावलं आणि कंबर अजून तिकडेच वळलेली आहेत, पण मान एकदम उलटी फिरून बॅकसकडे आली आहे. माणूस दचकतो तेव्हा अंग मागे राहतं आणि डोकं आधी वळतं, ते तिशियनने बरोबर पकडलं आहे. तिच्या पायाशी एक पिवळं वस्त्र पडलंय आणि त्यावर धातूचा घडा आडवा झालाय. घड्यावर चित्रकाराची लॅटिनमधली सही आहे. एवढ्या गदारोळात सहीला जागा कुठली शोधली, तर टाकून दिलेल्या बाईच्या टाकून दिलेल्या सामानावर.

आणि समोरून बॅकस. रथातून झेपावलेला. मागचा पाय रथातून पुरता सुटलाय की नाही सांगता येत नाही, पुढच्या पायाखाली तर जमीनच नाही. गुलाबी-किरमिजी उपरणं मागे फडफडतंय. डोक्यावर द्राक्षाची आणि आयव्हीची पानं. चित्रात उड्या मारणारे देव पुष्कळ असतात, पण त्यांच्याकडे पाहताना ते पडतील अशी भीती वाटत नाही. याच्याबाबत वाटते. बघताक्षणी त्याला स्वतःला सावरता आलेलं नाही. त्याची नजर तिच्यावर खिळली आहे, तिची त्याच्यावर, आणि त्या दोन नजरांच्या मधे फक्त आकाश आणि समुद्र. खाली रथाला जुंपलेले दोन चित्ते. त्यांना या प्रकरणात काही रस नाही, ते एकमेकांकडे बघतायत.

परतताना मेट्रोत आई अचानक म्हणाली, "ती त्याला हो म्हणाली का पुढे?" म्हटलं, म्हणाली. "चित्रात अजून हो म्हणालेली नाही," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

शनिवार

सकाळपासून आईच्या त्या वाक्याने पिच्छा पुरवलाय. तिशियनसमोर दोन लॅटिन कवी होते, कातुल्लस आणि ऑव्हिड. दोघांची भाषांतरं घरात आहेत, ती काढून बसले. ऑव्हिडमध्ये ती घाबरते हे स्वच्छ लिहिलंय. तिचा रंग उडतो, वाचा जाते, थीसियसही मनातून जातो. तीनदा पळू बघते, तिन्हीदा भीतीनेच पाय अडखळतात. वाऱ्याने कणीस हलावं तशी थरथरते. बॅकस म्हणतो, भिऊ नकोस, मी त्याच्याहून भरवशाचा आहे. मग ती रथाला जुंपलेल्या वाघांना बघून बिचकू नये म्हणून रथातून उडी टाकतो, पावलाखालची वाळू खचते आणि तो तिला उचलून घेऊन जातो. ऑव्हिड जाता जाता हेही म्हणतो की तिला झगडायचं बळ नव्हतं, आणि देवाला सगळंच सोपं असतं.

तिशियनने यातला नेमका कोणता क्षण उचलला? वाळू खचायच्या आधीचा. पाऊल अजून टेकलेलंच नाही. उचलून नेणं, लग्न, देवाचं वचन, सगळं अजून व्हायचं आहे. या चित्राला लोक पहिल्या नजरेच्या प्रेमाचं चित्र म्हणतात. असेल, पण ती नजर त्याची. तिच्याकडे मला प्रेम दिसत नाही, दिसते ती घाबरलेली आणि अजून काहीच न ठरवलेली बाई, जिचा एक हात तिला सोडून गेलेल्या माणसाकडेच आहे.

शेवट काय होणार ते चित्रकाराने लपवलेलं नाही, हीसुद्धा गंमतच. वर डाव्या कोपऱ्यात, अरिआड्नीच्या माथ्यावर, भर उजेडाच्या आकाशात आठ ताऱ्यांचं कडं आहे. बॅकसने तिचा मुकुट आकाशात भिरकावला आणि त्याचे तारे झाले, ती ही कथा. ऑव्हिडचा बॅकस तिला तसं वचन देतो: आकाश तुझं, आणि दिशा हरवलेली जहाजं तुझ्या मुकुटाकडे बघून वाट काढतील. (थीसियसचं जहाजसुद्धा, म्हणजे बघा.) आपण ज्याला उत्तर मुकुट म्हणतो तेच हे तारे. कोल्हापुरात पावसाळ्याच्या तोंडावर, ढग नसतील तर, रात्री जवळजवळ डोक्यावर येतात. चित्रात ते आधीच लागलेले आहेत, पण तिने वर पाहिलेलं नाही. आपल्याला तिचं भविष्य दिसतं, तिला नाही. प्रेक्षकाला असं शहाणं करून सोडणं मला थोडं निर्दय वाटतं, पण चित्र त्यामुळेच डोक्यातून जात नाही.

आता उजवी बाजू. अख्खं कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं कापल्यासारखं आहे. वरचा डावा त्रिकोण निळा, मोकळा. खालचा उजवा तपकिरी, हिरवा आणि माणसांनी खचाखच भरलेला. कापड जवळजवळ चौकोनी आहे, उंची 176.5 सेंटिमीटर आणि रुंदी 191, त्यामुळे हा तिरका छेद आणखी जाणवतो. झाडीतून वरात उतरतेय. एक बाई दोन्ही हातांत झांजा घेऊन. तिच्या अंगावरही निळा रंग आहे आणि कमरेतली मुरडही अरिआड्नीच्या मुरडीला जाब दिल्यासारखी, म्हणजे एक निळी बाई भीतीने वळलेली आणि दुसरी नशेने. मागे डफ वाजवणारी, शिंग फुंकणारा, खांद्यावर ओझं घेतलेला एक गडी. पार मागे गाढवावर बसलेला, खरं तर कलंडलेला म्हातारा सायलेनस, बॅकसचा गुरू. तो गाढ झोपलाय. अर्ध-बोकड सॅटरांपैकी एकाने वासराची तंगडी वर धरून नाचवलीय.

"हे वासराचं मुंडकं का गं?" असं आईने काल विचारलं होतं. तंगडीवर नव्हे, खाली दोरीने फरफटत आणलेल्या डोक्यावर तिचं बोट होतं. ते ओढणारं पोर सॅटरचंच, बोकडाच्या पायांचं, गोबऱ्या गालांचं. एक छोटं कुत्रं त्याच्यावर भुंकतंय. आणि सगळ्या चित्रात हे एकच पोर सरळ आपल्याकडे बघतंय, मजेत. "शी," आई म्हणाली, आणि मग बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिली.

हा रक्ताचा भाग तिशियनने मनाने घातलेला नाही. कातुल्लसच्या कवितेत बॅकसचे साथीदार फाडलेल्या बैलाचे अवयव भिरकावतात आणि अंगाला साप गुंडाळून घेतात, असं लिहिलेलंच आहे. सापांत गुरफटलेला तो दणकट दाढीवाला समोरच आहे. त्याच्याकडे बघून मात्र कवितेआधी दगड आठवतो: 1506 साली रोममध्ये एका द्राक्षमळ्यात उकरून काढलेलं लाओकूनचं शिल्प. सापांच्या विळख्यात मरणारा तो पुजारी तेव्हा इटलीभर गाजत होता. तिशियनने त्याची पिळवटलेली देहबोली उचलली आणि वेदना वजा केली. मरणाची पोज वरातीत कामाला लावली. हे मला चित्रातलं सगळ्यात धीट पाऊल वाटतं, आणि थोडं दाखवेगिरीचंसुद्धा. सापवाला इतका ठसठशीत उतरलाय की डोळा वारंवार त्याच्याकडे घसरतो आणि डावीकडची बाई काही क्षण विसरायला होते.

रविवार, दुपार

आईचा चित्त्यांवरचा आक्षेप कालपासून चालूच आहे. "रथाला चित्ता कसा चालेल? तो पळेल, ओढणार नाही." तिचा अधिकार मोठा. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, त्यांच्या गोष्टी तिने लहानपणी ऐकल्यात. मी तिला ऑव्हिडचे वाघ सांगितले. तिशियनने वाघ बदलून चित्ते घातले. चित्र ज्याच्यासाठी काढलं त्या इटलीतल्या फेराराच्या ड्यूककडे, अल्फॉन्सो देस्तेकडे, जनावरांचा संग्रह होता. शिवाय बॅकस हिंदुस्थान जिंकून परततोय अशी कथा आहे, तेव्हा पूर्वेकडचं जनावर शोभूनही दिसतं. "म्हणजे आपल्याकडून नेलेले," आईने निकाल दिला. मी वाद घातला नाही.

खरं तर हे चित्र तिशियनकडे यायचंच नव्हतं. ड्यूकला राफाएलकडून बॅकसच्या हिंदुस्थानातल्या विजयाचं चित्र हवं होतं. राफाएलने रेखाटन पाठवलं, आणि 1520 मध्ये तो वारला. मग काम व्हेनिसच्या तिशियनकडे आलं आणि 1523 मध्ये पुरं झालं. विजयाच्या मिरवणुकीऐवजी एका घाबरलेल्या बाईवर नजर खिळलेला देव ड्यूकच्या भिंतीवर लागला. राफाएल जगता तर आज आपण हत्ती बघत असतो बहुधा.

व्हेनिस म्हणजे रंगाची पेठ, आणि इथे तिशियनने पेठ लुटली आहे. झांजवालीचं नारिंगी वस्त्र मनशिळेचं, आर्सेनिक असलेलं, विषारी. अरिआड्नीचा शेला हिंगुळाचा. आकाश आणि तिचं वस्त्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दाचं, तेव्हाचा सगळ्यात महाग निळा. याच लाजवर्दाचा निळा आपल्या अजिंठ्यातही आहे, तिशियनच्या हजार वर्षं आधीचा. डोंगर तोच, वाटा दोन: एक समुद्रमार्गे व्हेनिसला, एक दख्खनला. अजिंठ्यात तो बेताबेताने, एखाद्या दागिन्याला, पार्श्वभूमीच्या तुकड्याला वापरलेला दिसतो. इथे पाऊण आकाशभर. ड्यूकचा पैसा होता.

त्या आकाशाची पुढे दशा झाली. 1598 मध्ये फेरारा पोपच्या ताब्यात गेलं, चित्र रोमला नेलं. पुढे इंग्लंडात आलं आणि 1826 मध्ये नॅशनल गॅलरीने विकत घेतलं. प्रवासात कापड गुंडाळलं गेल्याने रंगाचे पापुद्रे सुटले. 1960च्या दशकाच्या अखेरीस पिवळं पडलेलं जुनं वार्निश काढलं तेव्हा आतून हा ढळढळीत निळा निघाला आणि बऱ्याच जाणत्यांनी नाकं मुरडली. मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. आकाशाचा काही भाग खरोखरच सपाट दिसतो, पोत गेल्यासारखा. पण वार्निशच्या मधाळ पिवळ्याखाली तो तिरका छेद कसा कळला असता? निळा निळा नसेल तर डावीकडचा एकटेपणा आणि उजवीकडचा गलबला यांत फरकच उरत नाही.

ड्यूकच्या त्या खोलीत हे एकटं नव्हतं. बेलिनीचं देवांच्या मेजवानीचं चित्र होतं, ते आता वॉशिंग्टनला. तिशियनचीच आणखी दोन होती, व्हीनसच्या पूजेचं आणि आँड्रोस बेटावरच्या मद्यपींचं. ती दोन्ही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. चारही एका खोलीत लावून बघत बसणाऱ्या माणसाचा मला आज दुपारी वरणभात खाताना हेवा वाटला.

हे आईला सांगितलं. तिने ताट उचलता उचलता विचारलं, "माद्रिद म्हणजे स्पेन ना? किती तास लागतात?" म्हटलं विमानाने अडीच, पण तुला शेंगेन व्हिसा लागेल आणि तो बहुतेक भारतातूनच काढावा लागेल. "मग पुढच्या खेपेला काढूनच येते," ती म्हणाली. "तिथे कुणाला टाकून तर गेलेले नाहीत ना?" व्हीनसच्या चित्रात नुसती गुटगुटीत पोरं आहेत, सफरचंदं तोडणारी, असं सांगितल्यावर तिचं समाधान झालं. दुसऱ्यातल्या दारुड्यांचं मी अजून बोलले नाही.