चिलटांची सोयरीक तुटते कुठे?

‘फळमाशी’ म्हटलं की कोकणातल्या बागायतदाराला आंब्यात अळ्या करणारी, रक्षक सापळ्यात अडकणारी माशी आठवते. ती वेगळी. इथे विषय आहे पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांचा, म्हणजे ड्रोसोफिलाचा.

एकाच जातीचे दोन गट वेगळे पडले की त्यांच्यातली सोयरीक मोडायला मुद्दाम कोणी भिंत घालावी लागत नाही. 1989 साली संशोधक डायान डॉड यांनी हे छापून दाखवलं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यनमधून आणलेल्या ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युराच्या एकाच मूळ गटातून आठ गट केलेले होते: चार स्टार्चवर वाढवले, चार माल्टोज या साखरेवर. जोडीदार निवडण्याबाबत कसलीही निवड लादली नव्हती. माश्यांना फक्त समोरचं अन्न पचवायचं होतं. तरीही पुढे एकत्र सोडल्यावर स्टार्चच्या माद्यांनी 22 वेळा आपल्यातला नर घेतला आणि 9 वेळा माल्टोजचा. माल्टोजच्या माद्यांचे आकडे 20 आणि 8. आपल्यातल्या जोड्यांमधून परक्या वजा करा, एकूण जोड्यांनी भागा: 25 भागिले 59, म्हणजे 0.42. शून्य आलं असतं तर भेदभाव नाही.

खरी किंमत मात्र दुसऱ्या तक्त्याला आहे. दोन वेगवेगळे, पण दोन्ही स्टार्चवरचे गट एकमेकांसमोर ठेवले तेव्हा आपल्यातल्या जोड्या आल्या 18 आणि 15, परक्या 15 आणि 12; निर्देशांक जेमतेम 0.10. नुसतं वेगळं राहिल्याने दुरावा येत असता तर तो इथेही दिसायला हवा होता.

असा प्रयोग करताना तो बहुतेक वेळा तयारीतच फसतो. चाचणीआधी दोन्ही गटांची एक पिढी एकाच साध्या खाद्यावर वाढवायची, डॉड यांनी केलं तसं. नाहीतर अंगाला लागलेला खाण्याचा वास मोजला जातो आणि आपण त्याला उत्क्रांती म्हणतो. माद्या व्हर्जिनच, म्हणजे अजून नराशी जोडी न जमलेल्याच हव्यात. मेलॅनोगॅस्टर या ड्रोसोफिलाच्या दुसऱ्या जातीच्या बाबतीत 25 अंशांवर बाटली रिकामी केल्यापासून 8 तासांच्या आत निघालेल्या माद्या वेचायच्या. पोटात गडद हिरवट ठिपका दिसला तर मादी नुकतीच कोषातून बाहेर आली आहे. स्यूडोऑब्स्क्युराला थंडावा लागतो, 18 ते 20 अंशांच्या आसपास. नर आणि माद्या वेगळ्या कुप्यांत, कुपीत दहाएक, आणि तीन ते पाच दिवसांचं वय झाल्यावरच चाचणी.

कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करून लगेच चाचणीला लावणं ही नेहमीची चूक. गुंगीतला नर पंख हलवून मादीला रिझवणारं गाणं वाजवत नाही, आणि जोड्या कमी जमल्या की आकडे डळमळतात. वेचणी आदल्या दिवशी उरकावी. चाचणीच्या दिवशी माश्या तोंडाने ओढायच्या नळीनेच हलवाव्यात. ओळखीसाठी एका गटाला खाद्यातून लाल रंग, दुसऱ्याला निळा; पोट बाहेरून रंगीत दिसतं. निम्म्या फेऱ्यांत रंगांची अदलाबदल करायची. दोन्ही गटांचे 12-12 नर आणि 12-12 माद्या सकाळी दिवे लागल्यावर एकत्र सोडायच्या. मग तासभर नजर हलवायची नाही: मेलॅनोगॅस्टरची जोडी साधारण 15 ते 20 मिनिटं टिकते, स्यूडोऑब्स्क्युराची त्याहून बरीच कमी.

जोडी जमली तरी पुढे संततीत अडसर असू शकतो, आणि तो बऱ्याचदा एकाच बाजूने असतो. कोलंबियातल्या बोगोटाची मादी आणि अमेरिकेतला नर असा स्यूडोऑब्स्क्युराचा संकर केला तर मुली सुपीक, मुलगे वंध्य. उलटा संकर केला तर मुलगेही सुपीक. मुलाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं, म्हणून अडचणीचं एक टोक बोगोटाच्या एक्सवर शोधायचं. दोन्ही बाजूंनी संकर न करता ‘वंध्यत्व नाही’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तपासायला नराचं वृषण आणि शुक्राशय (शुक्राणू साठवणारी पिशवी) रिंगर या क्षारांच्या द्रावणात फोडून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू हलताहेत का ते बघतात. पण या संकरातले नर म्हातारे होऊ दिले तर थोडी पिल्लं देतात, आणि ती जवळजवळ सगळी मुली निघतात. 2009 मध्ये फडणीस आणि ऑर या संशोधकांनी दाखवलं की वंध्यत्व आणि मुलीच जन्माला घालणारी एक्सची ही तरफदारी, दोन्हींमागे ओव्हरड्राइव्ह हा एकच जीन आहे. तेव्हा वंध्य ठरवलेल्या नरांच्या कुप्या आठवड्यात फेकू नयेत. नर जगतील तोवर त्यांना ताज्या व्हर्जिन माद्या देत राहाव्यात आणि निघालेल्या पिल्लांमध्ये नर किती, माद्या किती हे मोजावं.