खर्चाचे नियम, समितीतले मतदान आणि सहीचा प्रश्न

युरोपीय संसदेच्या एखाद्या समितीतील मतदानाचे थेट प्रक्षेपण पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशाच होते. अध्यक्ष एका लयीत उपसूचनांचे क्रमांक वाचत जातात, सदस्य हात वर करतात आणि खाली घेतात, प्रत्येक राजकीय गटातला एक जण अंगठा वर किंवा खाली करून आपल्या सहकाऱ्यांना कौल सुचवत असतो, आणि भाषण असे जवळजवळ होतच नाही. तासाभरात शेकडो पानांचा मजकूर संमत होतो आणि बाहेरच्या माणसाला त्यातले एक वाक्यही कळलेले नसते. तरीही ही प्रक्षेपणे मी आवडीने पाहतो. आपल्याकडे संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होत असल्यामुळे हे कुतूहल असेल कदाचित. पण खरे कारण असे की, कोणत्या उपसूचनेवर कधी मत पडणार हे सांगणारी मतदानाची यादी शेजारी उघडून ठेवली तर त्या कंटाळवाण्या तासात काय घडले हे दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते.

या लेखाचा विषय आहे तो युरोपीय संघाचा वित्तीय विनियम. संघाच्या अंदाजपत्रकात किती पैसा असावा हे या कायद्यात नसते. तो पैसा कोणी, कोणाच्या मंजुरीने, कोणत्या पुराव्यावर द्यायचा, आणि चुकीने दिला गेला तर परत कसा मिळवायचा, हे त्यात असते. २०२१ ते २०२७ या सात वर्षांचा आराखडा २०१८ च्या किमतींनुसार सुमारे १,०७४ अब्ज युरोंचा आहे, आणि त्यातल्या प्रत्येक युरोला या विनियमाच्या दारातून जावे लागते. एकत्रितता, वार्षिकता, जमा-खर्चाचा समतोल, पारदर्शकता, काटकसर अशी तत्त्वे त्यात सुरुवातीलाच मांडलेली आहेत. ही तत्त्वे कोणालाच नाकारता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर फारसा वादही होत नाही. वाद होतो तो पुढच्या शेकडो कलमांवर.

युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, या विनियमाची नवी मांडणी मे २०२२ मध्ये प्रस्तावित केली. संसदेत ती अंदाजपत्रक समिती आणि अंदाजपत्रक नियंत्रण समिती या दोघींकडे संयुक्तपणे गेली. एकीचे काम पैसा मंजूर करण्याचे आणि दुसरीचे काम खर्च झालेल्या पैशाचा जाब विचारण्याचे, त्यामुळे या दोघींनी एकत्र बसून नियम लिहिणे हेच मुळात शहाणपणाचे होते. लॅटव्हियाचे निल्स उशाकोव्स आणि जर्मनीच्या मोनिका होलमायर हे दोघे प्रतिवेदक होते. प्रतिवेदक म्हणजे संसदेच्या वतीने मसुद्यावर अहवाल लिहिणारा सदस्य. इतर गट आपापला छाया-प्रतिवेदक नेमतात. मग ठरलेल्या मुदतीत उपसूचना येतात, ढिगाने येतात, आणि या मंडळींची खरी मेहनत तिथे सुरू होते. एकाच कलमावर पाच गटांच्या पाच उपसूचना असतील तर त्यांतून एक तडजोडीची उपसूचना तयार केली जाते. मतदानात ती संमत झाली की तिच्या पोटातल्या बाकीच्या आपोआप बाद होतात. अध्यक्ष क्रमांक भराभर वाचून पुढे जाऊ शकतात ते यामुळे. हात वर होतात तेव्हा भांडण आधीच संपलेले असते, आणि ज्या थोड्या मुद्द्यांवर ते संपलेले नसते तिथे मतमोजणीचा आवाज अचानक सावकाश होतो. यादी वाचताना मी त्या सावकाश जागा शोधतो.

अशा जागी बहुधा एखादे क्रियापदच सापडते. ‘सदस्य देश अमुक प्रणाली वापरील’ आणि ‘सदस्य देशास अमुक प्रणाली वापरता येईल’ या दोन वाक्यांत अक्षरांचा फरक किरकोळ आहे. परंतु पहिल्यात कर्तव्य आहे आणि दुसऱ्यात मुभा. आपल्या विधिमंडळाचे कायदे मराठीत वाचणाऱ्यांना ‘करील’ आणि ‘करता येईल’ यांच्यातले हे अंतर चांगले ठाऊक असते. युरोपात तेच अंतर २४ अधिकृत भाषांमध्ये सारखे राखावे लागते आणि त्यासाठी विधी-भाषातज्ज्ञांचा वेगळा वर्ग आहे, ही गोष्ट मला अजूनही थोडी अद्भुत वाटते.

समितीतल्या या मतदानाला जे वजन असते त्याचे कारण संसदेच्या कार्यपद्धतीत आहे. समितीने आपल्या एकूण सदस्यांच्या बहुमताने वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय घेतला, तर तो पूर्ण सभागृहात केवळ जाहीर केला जातो. किमान एक दशांश सदस्यांनी ठरलेल्या अल्प मुदतीत हरकत घेतली नाही, तर समितीचा मजकूर हीच संसदेची भूमिका मानून सदस्य देशांच्या परिषदेशी आणि आयोगाशी त्रिपक्षीय बोलणी सुरू होतात. म्हणजे सातशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहाने शब्दही न उच्चारता काही डझन सदस्यांच्या मतावर संसदेची बाजू ठरू शकते. सभागृहाचे अंतिम मतदान शेवटी होतेच, पण तेव्हा समोर असतो तो तिन्ही बाजूंनी बांधून आणलेला करार, आणि त्यातला एखादा टाका उसवायला सहसा कोणी धजावत नाही. ही पद्धत मला पूर्णपणे पटत नाही. कार्यक्षमतेच्या नावाखाली मोठ्या सभागृहाने आपला हक्क आपणहून लहान केला आहे, असे माझे मत आहे. मात्र अंतिम मतदान नावांसह नोंदवले जाते, एवढे तिच्या बाजूने म्हणावे लागेल.

नियमांवरच्या या सगळ्या काटेकोरपणाचे मूळ १९९९ च्या मार्च महिन्यात सापडते. संसदेने डिसेंबर १९९८ मध्ये आयोगाच्या १९९६ च्या हिशेबांना मान्यता देण्याचे नाकारले होते. त्यानंतर स्वतंत्र तज्ज्ञांची एक समिती नेमली गेली आणि १५ मार्च १९९९ रोजी तिने अहवाल दिला. जबाबदारीची थोडीशीदेखील जाणीव असलेली व्यक्ती सापडणे अवघड होत चालले आहे, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. जाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्याच रात्री सामूहिक राजीनामा दिला. या प्रकरणातला लोकांच्या लक्षात राहिलेला तपशील म्हणजे एदित क्रेसाँ या आयुक्तांनी (आयोगाच्या सदस्यांनी) आपल्या परिचयाच्या दंतवैद्याला सल्लागार म्हणून नेमले होते, हा. पुढे २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांनी पदाच्या कर्तव्यांचा भंग केल्याचे म्हटले. परंतु दंतवैद्याच्या गोष्टीने एक महत्त्वाचा मुद्दा झाकला गेला, असे मला वाटते.

तो मुद्दा सहीचा होता. तेव्हा लागू असलेल्या १९७७ च्या विनियमानुसार प्रत्येक खर्चावर, पैसा जाण्याआधी, एका मध्यवर्ती वित्तीय नियंत्रकाची मंजुरी लागत असे. ऐकायला ही व्यवस्था कडक वाटते. प्रत्यक्षात तिचा परिणाम उलटा झाला: खर्चाचा निर्णय घेणारा अधिकारी म्हणे, कागद नियंत्रकाने तपासला आहे, नियंत्रक म्हणे, मी नियमांची पूर्तता पाहिली, खर्चाची गरज पाहणे माझे काम नव्हे. दोन सह्या होत्या आणि जबाबदार कोणीच नव्हते. तज्ज्ञांच्या दुसऱ्या अहवालाने ही मध्यवर्ती पूर्वमंजुरीच काढून टाकण्याची शिफारस केली आणि २००२ च्या नव्या विनियमाने ती काढली. खर्चाला मंजुरी देणारा अधिकारी आपल्या निर्णयाला स्वतः उत्तरदायी झाला, पैसे अदा करणारा लेखा अधिकारी त्याच्यापासून वेगळा ठेवला गेला, आणि दोघांवर स्वतंत्र अंतर्गत लेखापरीक्षण आले. एका घोटाळ्यानंतर सह्यांची संख्या वाढवण्याऐवजी कमी केली गेली, हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते, कारण सर्वसाधारण प्रशासकीय प्रवृत्ती याच्या नेमकी विरुद्ध असते.

२००२ चा तो विनियम परिषदेने केला होता; संसदेला त्यात सल्ला देण्यापुरते स्थान होते. डिसेंबर २००९ मध्ये संघाच्या संस्थांचे अधिकार ठरवणारा लिस्बन करार लागू झाल्यावर संसद या विषयात परिषदेच्या बरोबरीची कायदेकर्ती झाली आणि २०१२ चा विनियम हा या नव्या अधिकाराचे पहिले मोठे फळ होते. म्हणून समितीतले आजचे हात खरोखर मोजले जातात.

अधिकार आला आणि त्याबरोबर एक जुनी ओढाताणही समितीच्या दालनात आली. नियम कडक केले की लहान संस्था, शेतकरी, विद्यापीठे तक्रार करतात की अनुदानापेक्षा कागदपत्रांचेच ओझे जास्त आहे. मग नियम सोपे केले जातात. २०१८ ची सुधारणा प्रामुख्याने सुलभीकरणाचीच होती. सोपे केले की लेखापरीक्षक चुकांचे प्रमाण दाखवतात. लक्झेंबर्गमधील युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने अंदाजपत्रकातील खर्चाच्या चुकांचा अंदाज २०२२ साठी ४.२ टक्के आणि २०२३ साठी ५.६ टक्के दिला, आणि सहन करण्याजोगी मर्यादा तर दोन टक्क्यांची आहे. हे आकडे वर्तमानपत्रांत हमखास भ्रष्टाचाराचे आकडे म्हणून छापले जातात, ते चूक आहे. निविदेची एक पायरी सुटणे किंवा अपात्र खर्च दाव्यात धरला जाणे हीदेखील या मोजणीत चूकच असते. फसवणूक हा त्यातला लहान आणि वेगळा भाग. तरीही दोन वर्षे सलग चढलेला आकडा दुर्लक्षिता येत नाही, आणि समितीत तो प्रत्येक गट आपापल्या सोयीने वापरतो, हेही खरे.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या विनियमात या ओढाताणीवर एक वेगळे उत्तर काढण्याचा प्रयत्न आहे. नियमांची संख्या वाढवण्यापेक्षा माहिती एका ठिकाणी आणावी आणि तिच्यातून धोका ओळखावा, असा त्याचा रोख आहे. लाभार्थी कोण, त्या कंपनीचा खरा मालक कोण, तोच माणूस दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने अनुदान घेतो आहे का, हे पडताळण्यासाठी एक सामाईक संगणकीय प्रणाली त्यात आहे. संघाचा बहुतांश निधी सदस्य देशांच्या यंत्रणांमार्फत खर्च होत असल्यामुळे, ही प्रणाली देशांवर सक्तीची असावी असा संसदेच्या समित्यांचा आग्रह होता आणि परिषदेचा तितका उत्साह नव्हता. म्हणजे पुन्हा ‘वापरील’ की ‘वापरता येईल’. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या समझोत्यात बाजू जुळल्या, पण तरतुदीची धार २०२७ नंतरच्या कार्यक्रमांपर्यंत पुढे ढकलली गेली. अप्रामाणिक ठरलेल्यांना निधीपासून दूर ठेवणाऱ्या यादीचा विस्तार देशांमार्फत होणाऱ्या खर्चापर्यंत झाला, तोही गंभीर प्रकारांपुरता आणि तोही पुढच्या आराखड्यापासून. द्वेष किंवा हिंसेला चिथावणी देणे हे निधीतून वगळण्याचे कारण म्हणून मजकुरात आले, त्याची चर्चा जास्त झाली. मला माहितीच्या प्रणालीचे कलम अधिक दूरगामी वाटते.

आणि इथे सहीचा प्रश्न परत येतो, मात्र नव्या रूपात. कोविडनंतरच्या पुनरुत्थान निधीत, जो फेब्रुवारी २०२१ च्या स्वतंत्र विनियमाने उभा राहिला, देशांना पैसा मिळतो तो झालेल्या खर्चाच्या पावत्यांवर नव्हे, तर ठरलेले टप्पे आणि लक्ष्ये गाठल्याबद्दल. अमुक कायदा झाला, अमुक इतक्या घरांचे उष्णतारोधन झाले, की हप्ता सुटतो. ही पद्धत आकर्षक आहे. कागदांपेक्षा परिणाम पाहावा, हे कोणाला नको असेल? पण यात ‘चूक’ या शब्दाची व्याख्याच बदलते. टप्पा गाठला गेला असेल, तर त्या कामाची निविदा नियमबाह्य दिली गेली तरी हप्त्याच्या दृष्टीने ती चूक धरली जाईलच असे नाही. निविदा नीट झाली का, हे पाहणे देशाचे काम. टप्पा पूर्ण झाला का, हे पाहणे आयोगाचे काम. लेखापरीक्षण न्यायालयाने या फटीकडे वारंवार बोट दाखवले आहे. मला मात्र ते वाचताना १९७७ चा नियंत्रक आठवतो, जो फक्त आपला रकाना पाहत असे.

जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ या काळासाठी सुमारे दोन लाख कोटी युरोंच्या आराखड्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्यात टप्प्यांवर आधारलेल्या निधीवाटपाला बरेच मोठे स्थान आहे. शेती आणि प्रादेशिक विकासाचा पैसा प्रत्येक देशाच्या एकेका योजनेत बांधण्याची कल्पना त्यात आहे. त्यावरच्या मतदानाची यादी उघडेन तेव्हा मी एकूण आकडा शोधणार नाही. टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला कोण देणार, तो खोटा निघाला तर पैसा कोणाकडून वसूल होणार, आणि त्या वाक्यातले क्रियापद कोणते आहे, एवढेच आधी पाहीन.