मातीत पुरलेल्या रिळाचा व्हिडिओ: माझी पद्धत

जुनी फिल्म पावसाळ्यात जमिनीत पुरायची, तिच्यावरचं चित्र जिवाणू-बुरशीला खाऊ द्यायचं आणि जे उरेल ते एकेक फ्रेम टिपून त्याचा व्हिडिओ करायचा, असं हे काम आहे. मी ते ३५ मिमीच्या रंगीत पॉझिटिव्ह प्रिंटवर, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायच्या प्रतीवर करतो. चित्रपटगृहं डिजिटल झाली तेव्हा ट्रेलर आणि जाहिरातींचे तुकडे भंगारात आले, ते अजूनही मिळतात. फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं प्रथिन, मातीला ते अन्नच. खालची पट्टी मात्र प्लास्टिकची. ती काही आपल्या डोळ्यांदेखत कुजत नाही.

रीळ घेताना कडेला ‘सेफ्टी’ छापलंय का ते आधी बघतो. १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिमी फिल्म बहुतेक नायट्रेट या ज्वालाग्राही प्लास्टिकची असे. ती भडकन पेटते आणि पाण्याखालीही जळत राहते. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. शंका आली तर रीळ घरी आणू नये, संग्रहालयाला कळवावं. जुनी कृष्णधवल रिळं किंवा ज्याच्या प्रती उरल्या असतील की नाही सांगता येत नाही असं काहीही मी पुरत नाही. नश्वरतेवर काम करायचं म्हणून एखाद्याची शेवटची प्रत संपवायची, हे मला मान्य नाही.

पट्टी पॉलिएस्टरची असलेली बरी. हातानं फाटली तर ॲसिटेट, काही केल्या फाटत नसेल तर पॉलिएस्टर. ॲसिटेट वर्षानुवर्षांत आकसतं, मग टिपताना कडेची भोकं जागेवर बसत नाहीत. चित्राची बाजू कोणती हे ओलसर ओठाला लावून कळतं: चिकटते ती इमल्शनची, म्हणजे चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराची.

१० फुटांचे तुकडे करतो. एवढ्यात १६० फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला २४ च्या वेगानं पावणेसात सेकंदही भरत नाहीत. प्रत्येक तुकडा इमल्शन बाहेर ठेवून सैल गुंडाळायचा आणि वेढ्यांमध्ये काथ्याची दोरी फिरवायची. घट्ट गुंडाळी पुरली तर फुगलेलं जिलेटिन शेजारच्या वेढ्याला चिकटतं आणि सोडवताना थरच्या थर उपटून येतो. कागदी चिठ्ठी आठवड्यात विरघळते, म्हणून टोकाला कात्रीनं खाचा पाडून क्रमांक देतो. शेडनेटच्या पिशवीत घालून वीतभर खोल पुरायचं, भाजीच्या वाफ्यात नाही. किती तुकडे पुरले ते लिहून ठेवावं आणि तेवढेच बाहेर काढावेत. प्लास्टिक जमिनीत राहता कामा नये.

मातीवर बरंच काही ठरतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून पाणी झिरपून जातं, चित्र सावकाश आणि ठिपक्या-ठिपक्यांनी जातं. काळी माती ओल धरते, कामही लवकर होतं, पण ती इमल्शनला चिकटून बसते. पाणी साचलं की मात्र सगळंच फसतं: सडून मऊ झालेला थर अख्खाच्या अख्खा घसरतो आणि हाती कोरी पारदर्शक पट्टी येते. म्हणून खड्डा उतारावर, तळाशी खडी. जून संपता संपता पुरायचं आणि दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक तुकडा काढून बघायचा. कधी थांबायचं हा यातला खरा निर्णय. माझ्या मते चित्रातला माणूस अजून जेमतेम ओळखू येतोय तेवढ्यात फिल्म काढावी. पुढे गेलं की फक्त नक्षी उरते, आणि काय गेलं हेच बघणाऱ्याला कळत नाही.

रंग कसे जातात ते बघण्यासारखं असतं. पॉझिटिव्ह प्रिंटमध्ये सर्वांत वर किरमिजी रंगाचा थर, मध्ये निळसर-हिरवा सायन, तळाशी पिवळा. कुजणं वरून सुरू होतं, म्हणून नायिकेच्या काळ्या केसांत आधी गर्द हिरवा डाग उमटतो, डागाच्या मधोमध पिवळा आणि त्याच्याही आत लख्ख पांढरं भोक. सुरुवात बहुधा कडेच्या भोकांपाशी होते, कारण पाणी तिथून शिरतं. तिथून बुरशीचे फाटे चेहऱ्याकडे सरकतात.

फिल्म काढताना ओढायची नाही, मातीच्या ढेकळासकट उचलून पसरट ट्रेमधल्या साध्या पाण्यात ठेवायची. माती आपोआप सुटते. बोटानं चोळलं की चित्र गेलं. गरम पाणी अजिबात नको, थर वितळतो. मग लिटरभर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम तुरटी विरघळवून त्यात पाच मिनिटं. तुरटीनं जिलेटिन घट्ट होतं आणि जे उरलंय ते पट्टीवर टिकतं. शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढून सावलीत, पंख्याशिवाय वाळवायची. या सगळ्या कामात एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच. दम्याचा त्रास असेल त्यानं बुरशीच्या वाटेला जाऊ नये.

अशी फिल्म प्रोजेक्टरवर चढवू नये, गेटमध्ये, म्हणजे फिल्म जिच्यातून सरकते त्या चौकटीत घासून पापुद्रे गळतात. मी फुल-फ्रेम कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्स वापरतो. सेन्सर ३६ मिमी रुंद असल्यामुळे पट्टी भोकांसकट आणि कडेला आवाज छापलेल्या ध्वनिपट्टीसकट मावते. खालून एलईडी लाइट पॅड, एफ-८, आयएसओ १००, रॉ फाइल. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही मॅन्युअल, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फ्रेमला वेगळं ठरवतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. फ्रेम बदलायची म्हणजे चार भोकं पुढे. वरून काच दाबली तर इंद्रधनुषी वलयं उमटतात, म्हणून फक्त कडा धरणारी लाकडी खाच पुरते. धूळ उडवायला ब्लोअर मारायचा नाही, धुळीबरोबर सुटलेलं इमल्शनही उडतं.

संकलनात २४ चा वेग बहुतेकदा चालत नाही. शेजारच्या दोन फ्रेममधले डाग इतके वेगळे असतात की डोळ्याला नुसती गजबज दिसते. एकेक फ्रेम तीनदा धरली, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं, की डाग पसरताना दिसू लागतो. डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत दुसऱ्यात मिसळणं, मी टाळतो. त्यानं सगळं गुळगुळीत होतं आणि कुजण्यातला खरखरीतपणा मरतो. रंगांचं करेक्शनही नाही. आवाजासाठी ध्वनिपट्टीच्या प्रतिमा जोडून सॉफ्टवेअरनं ध्वनीत बदलता येतात. बुरशीनं खाल्लेल्या जागी करकर ऐकू येते. प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे असतो, त्यामुळे प्रोजेक्टरसारखं जुळवलं तर डाग आधी दिसतो आणि नंतर ऐकू येतो. मी ते अंतर तसंच ठेवतो.

मास्टर, म्हणजे व्हिडिओची मूळ प्रत, प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी कॉम्प्रेशनच्या फॉरमॅटमध्ये काढावी. प्रत्येक फ्रेम नवी असल्यानं कॉम्प्रेशनला धरायला काही सापडत नाही आणि कमी बिटरेटवर बारीक नक्षीचे चौकोनी ठोकळे होतात. एच-२६४ हा जास्त कॉम्प्रेशनचा फॉरमॅट द्यायचाच झाला तर १०८० पीला ५० एमबीपीएसच्या खाली जाऊ नये.

टिपून झालेल्या पट्ट्या कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत आणि बाकीच्या फिल्मपासून वेगळ्या खोलीत ठेवाव्यात. बुरशी मेलेली नसते. पुढच्या पावसाळ्यात हवा दमट झाली की ती पुन्हा कामाला लागते, म्हणून टिपण्याचं काम दिवाळीच्या आत उरकून घ्यावं.