एअरसॉफ्ट रायफलला कॅमो, मुंबईच्या दमट हवेत
आजचा रविवार एअरसॉफ्ट रायफलला (प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी खेळातली बंदूक) कॅमो, म्हणजे झाडीत मिसळून जाणारे रंग, देण्यात गेला. बॅटरी, मॅगझिन, स्कोप काढायचे; नळीच्या तोंडात कापसाचा बोळा, हॉप-अपच्या (गोळीला फिरकी देणारा भाग) खिडकीवर मास्किंग टेप. ६०० नंबरचा पॉलिश पेपर कोरडाच, हलका फिरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. बोटांचं तेल राहिलं की रंग पापुद्र्याने सुटतो. आधी मॅट खाकी, मग स्पंजने तपकिरी. हिरवा जपून, पावसाळा सरून गवत वाळलं की सह्याद्री पिवळा-तपकिरीच असतो! कॅन २५-३० सेंटिमीटरवर, पातळ हात. जाड मारला की ओघळतो.

भर पावसाळ्यात मात्र नकोच. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. ही खरी बंदूक नाही हे दाखवणारं नळीचं नारिंगी टोक तसंच ठेवा; लोकलमध्ये बंद बॅगेतूनच न्या.